बारा वर्षांच्या दुष्काळाला दगडाची गवाही

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूर स्थानकात पोहोचली. दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात मार्चमध्येच जमावबंदीचा आदेश निघाला होता. पुढे हीच गाडी पन्नास वाघिणी घेऊन येऊ लागली आणि ऑगस्टपर्यंत लातूरची तहान भागवत राहिली.

हे सर्व किती पावसाळे हुकल्यामुळे झाले? २०१४ आणि २०१५, असे लागोपाठ दोन. त्याआधी २०१२ चा पाऊसही तुटीचाच होता. दोन पावसाळ्यांनी एका मोठ्या शहराला साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आणायला लावले. मग सलग सात किंवा बारा पावसाळे हुकले तर?

असे कधी होते का, असे कुणीही विचारील. मराठी मुलखाच्या आठवणीत त्याचे उत्तर आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ इ.स. १३९६ च्या सुमारास सुरू झाला आणि बारा वर्षे टिकला, असे जुने इतिहासकार लिहून गेले. गावेच्या गावे ओस पडली, वसूल बसायला कितीतरी वर्षे लागली, असेही ते सांगतात. आपल्या देशातील पावसाच्या मोजणीचा सलग हिशोब मात्र १८७१ पासूनचाच मिळतो. या दीडशे वर्षांत इतका लांबलेला दुष्काळ दिसत नाही. म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट खरी असणार. एक तर जुन्या लोकांनी अतिशयोक्ती केली, किंवा दीडशे वर्षांची आपली मोजणीच फार तोकडी आहे.

या वादात साक्ष द्यायला एक साक्षीदार पुढे आला आहे. त्याला कुणाची बाजू घ्यायची नाही आणि तो काही विसरतही नाही. तो आहे गुहेतला दगड.

हंड्यावरचा पांढरा थर

गुहेतल्या दगडाची गोष्ट समजायला लातूरच्या कोणत्याही स्वयंपाकघरात जाऊन बघावे. बोअरचे पाणी तापवण्याच्या पातेल्यात, बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो. कितीही घासला तरी पुन्हा येतो. पाण्यात विरघळलेला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाण्यातून बाहेर पडून तिथे चिकटतो.

चुनखडीच्या गुहेत हेच घडते, पण हजारो वर्षे आणि अगदी सावकाश. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडी विरघळवत खाली उतरते. गुहेच्या छतातून थेंब सुटला की त्यातला वायू हवेत निघून जातो आणि चुन्याचा एक सूक्ष्म पापुद्रा मागे राहतो. छताला लटकणारे अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीवरून वर वाढणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ असेच तयार होतात. भूगोलाच्या पुस्तकात मुलांनी त्यांची चित्रे पाहिलेली असतात. शंभर वर्षांत त्यांची वाढ कधी काही मिलिमीटर, तर कधी काही सेंटिमीटर. झाडाच्या खोडात जशी वर्षागणिक वलये, तसे या स्तंभात थरावर थर.

आपल्या नांदेड-लातूरमध्ये असे स्तंभ सापडणार नाहीत. आपला खडक काळा बेसाल्ट, ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा. औसा तालुक्यातली खरोशाची लेणी किंवा माहूरची लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत, पाण्याने नव्हे. म्हणून आपल्या पावसाचा जुना हिशोब शोधायला आपल्याला शेजारच्या मुलखात जावे लागते. तिकडे वळण्याआधी दगड हा हिशोब ठेवतो कसा, ते बघू.

स्तंभात कोंडलेला थेंब

लवणस्तंभ वाढत असताना त्याच्या स्फटिकांमध्ये बारीक बारीक फटी राहतात. छतातून पडणाऱ्या पाण्याचा अंश त्या फटीत अडकतो, वरून पुढचा थर चढतो आणि फट कायमची बंद होते. ज्या थरांत अशा फटी पुष्कळ असतात ते थर दुधासारखे पांढुरके दिसतात. अशा प्रकारे हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचे पाणी दगडाच्या पोटात आजही जसेच्या तसे असते.

हे पाणी अत्यंत थोडे असते. एक ग्रॅम दगड फोडला तर बऱ्याचदा एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे नेहमीच्या थेंबाच्या पन्नासाव्या भागाएवढे. शास्त्रज्ञ दगडाचा लहान तुकडा तापवलेल्या नळीत ठेवून चिरडतात. बाहेर पडलेल्या पाण्याची तिथेच वाफ होते आणि कोरड्या वायूच्या झोतासोबत ती थेट मोजणी यंत्रात जाते. १९७६ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे हेन्री श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कोंडलेले पाणी मोजून जुन्या काळचे तापमान काढण्याचा मार्ग दाखवला.

यंत्र मोजते काय? पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. पण सगळे ऑक्सिजनचे अणू एकाच वजनाचे नसतात. बहुतेक अणू १६ वजनाचे, तर साधारण पाचशेत एक १८ वजनाचा असतो. हायड्रोजनमध्येही हलके आणि जड अणू असतात. यांना समस्थानिक म्हणतात. ढगातून पाऊस पडताना जड अणूंचे पाणी आधी खाली येते. ढग जितका जास्त बरसतो, तितके उरलेले पाणी हलके होत जाते. त्यामुळे आपल्याकडच्या मोसमी प्रदेशात भरपूर पावसाच्या वर्षी पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते आणि तुटीच्या वर्षी ते वाढते. चांगल्या आणि वाईट पावसाळ्याची ही खूण पाण्यावर उमटते आणि तीच लवणस्तंभात उतरते.

इथे एक अडचण असते. स्तंभाच्या दगडातही ऑक्सिजन असतो. त्याचे हलके-जड प्रमाण पावसावर अवलंबून असते, पण गुहेतल्या उष्णतेवरही असते. दगडातला आकडा बदललेला दिसला, तर पाऊस बदलला की तापमान? कोंडलेले पाणी इथे कामाला येते. चुन्याच्या दगडात हायड्रोजन नसतोच. त्यामुळे कोंडलेल्या पाण्यातल्या हायड्रोजनला अदलाबदल करायला तिथे कुणी नसते. तो पावसात जसा होता तसाच राहतो. त्यावरून मूळ पावसाची ओळख पटते. मग दगडाचा ऑक्सिजन आणि पाण्याचा ऑक्सिजन शेजारी ठेवून तापमानही काढता येते. गुहेच्या आतली हवा बाहेरच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळपास असते. म्हणून गुहेचे तापमान कळले की त्या मुलखाचे कळले.

राहिला प्रश्न वयाचा. पाण्याबरोबर दगडात थोडेसे युरेनियम येते. थोरियम मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नव्या थरात ते नसल्यासारखेच असते. पुढे युरेनियमचे ठरावीक वेगाने थोरियम होत जाते. दोहोंचे प्रमाण मोजले की तो थर कधी बसला ते कळते. चांगल्या स्तंभात शेकडो वर्षांपूर्वीच्या थराचे वय काही वर्षांच्या फरकाने सांगता येते.

नांदेडच्याच रेषेवरची गुहा

आता शेजारच्या मुलखात जाऊ. नकाशावर नांदेडपासून सरळ पूर्वेकडे बोट फिरवले, तर साधारण पाचशे किलोमीटरवर छत्तीसगडमधील बस्तर लागते. तिथे जगदलपूरजवळ कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात दंडक नावाची चुनखडीची गुहा आहे. नांदेड आणि दंडक दोन्ही १९ अंश अक्षांशाच्या आसपास. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात आणि मध्य भारताला व मराठवाड्याला पावसाचा मोठा वाटा देतात. म्हणून बस्तरच्या गुहेतला हिशोब आपल्यालाही लागू पडतो. औशात किती आणि देगलूरला किती पाऊस पडला, हे ती गुहा सांगत नाही. एकंदर मोसमी पावसाचा जोर किती होता, हे ती सांगते.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील एम. जी. यादव आणि आर. रमेश यांनी या गुहेतील स्तंभांवर काम केले. मग २००७ मध्ये आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंडकच्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभातून इ.स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांचा, जवळजवळ दरवर्षीचा हिशोब मांडला. त्यांनी स्तंभाच्या दगडातला ऑक्सिजन मोजला. कोंडलेला थेंब म्हणजे खुद्द पाऊस म्हटला, तर दगडाचा ऑक्सिजन म्हणजे त्या पावसाचा ठसा.

त्या ठशात काय दिसले? चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या मध्यात पाऊस एक-दोन वर्षे नव्हे, तर दशकानुदशके कमजोर राहिला होता. हिंदुस्थानातील सर्वांत भीषण दुष्काळांपैकी अनेक याच काळातले आहेत. दुर्गादेवीच्या दुष्काळाचा काळही या पट्ट्याला लागूनच येतो.

यानंतर गायत्री कठायत, आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेघालयात चेरापुंजीजवळच्या मावम्लुह गुहेतून गेल्या हजार वर्षांचा हिशोब काढला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच गुहेतल्या एका स्तंभाच्या आधारे २०१८ मध्ये जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या चालू कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिले. तो ४,२०० वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या कोरड्या काळापासून मोजला जातो. हजार वर्षांच्या हिशोबात लांबलेले दुष्काळ वारंवार दिसले आणि जुन्या बखरी-तवारिखांमधील दुष्काळांच्या सालांशी ते जुळले. संशोधकांचा निष्कर्ष स्पष्ट आहे: जुने लोक सांगत होते त्यात तथ्य होते, आणि पाण्याचे नियोजन करताना लांबलेला दुष्काळ येणारच नाही असे धरून चालणे चूक आहे.

लोणारच्या चिखलातली नोंद

गुहा दूर वाटत असेल, तर आपल्या उंबरठ्यावरही एक साक्षीदार आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या, साधारण १.८ किलोमीटर व्यासाच्या खळग्यात आहे. पाणी आत येते, पण बाहेर वाहून जायला वाट नाही. पाऊस कमी झाला की सरोवर आटते, पाणी अधिक खारट होते आणि तळाच्या चिखलात गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक वाढतात. विशेष म्हणजे या स्फटिकांच्या रचनेतच पाण्याचे रेणू गुंफलेले असतात. कोरड्या काळाची खूण, आणि तिच्या आतही पाणीच.

जर्मनी आणि भारतातील शास्त्रज्ञांनी लोणारच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. त्यात जवळपास ११ हजार वर्षांची नोंद होती. २०१४ मध्ये त्यांनी दोन दीर्घ कोरडे काळ दाखवले. पहिला ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. या शेकडो वर्षांत पाऊस पडलाच नाही, असा याचा अर्थ नव्हे. त्या काळात पावसाचा जोर कमी होता आणि दुष्काळ पुन्हा पुन्हा पडत होते. दुसऱ्या काळाचा शेवट जवळजवळ दुर्गादेवीच्या दुष्काळापाशी येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कंधारचे मदरसे, दामाजीपंतांची कोठारे

त्या दुष्काळांच्या काळी नांदेड-लातूरचा हा मुलूख बहमनी सल्तनतीत होता. राजधानी आधी गुलबर्गा, नंतर बिदर. दुसरा मुहम्मदशाह बहमनी १३७८ ते १३९७ या काळात गादीवर होता. शिराझच्या हाफिजला दख्खनचे आमंत्रण धाडणारा बादशाह म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या काळातल्या दुष्काळाबद्दल फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. माळवा आणि गुजरातेतून धान्य आणण्यासाठी बादशाहाने स्वतःच्या खर्चाने बैलांचे तांडे सतत ये-जा करत ठेवले आणि ते धान्य लोकांना स्वस्तात विकले. अनाथ मुलांसाठी त्याने मदरसेही काढले. ज्या शहरांत ते निघाले, त्या यादीत गुलबर्गा, बिदर, दौलताबाद यांच्यासोबत आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचे नाव आहे.

पंधराव्या शतकातली दुसरी आठवण मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. भुकेल्या लोकांसाठी त्यांनी बिदरच्या बादशाहाची धान्याची कोठारे उघडली, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. पुढे १६३० ते १६३२ च्या दुष्काळात दख्खन होरपळत असताना शहाजहानची छावणी बुऱ्हाणपूरला होती. तिथे लंगर उघडले गेले. त्याच बुऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये मुमताज महलचे निधन झाले. ताजमहालाची कहाणी सगळ्यांना ठाऊक असते, त्या सालचा दुष्काळ मात्र फारसा कुणाला आठवत नाही.

हे प्रसंग आम्ही इथे मुद्दाम मांडले. दगड सांगतो की पाऊस किती वर्षे कमजोर होता. त्या वर्षांत माणसे जगली की मेली, हे मात्र कोठारात काय होते आणि ते कुणासाठी उघडले गेले, यावर ठरले. हजरत युसूफ (अ.) यांचा किस्सा आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवला जातो. सात सुकाळाची वर्षे आणि सात दुष्काळाची, असा चौदा वर्षांचा हिशोब त्यात आहे. आपल्या योजना बहुधा एका पावसाळ्यापुरत्या असतात.

आपला खडक आणि आपले छत

मराठवाड्याला लांबलेला दुष्काळ जास्त का झोंबतो, याचे उत्तर पुन्हा दगडातच आहे. बेसाल्ट मुळात घट्ट. पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि भेगांमध्ये. ही झोळी लहान असते. एका चांगल्या पावसाने ती भरते आणि वर्षा-दोन वर्षांत रिकामी होते. बोअर आणखी खोल नेल्याने झोळी मोठी होत नाही, तिचा तळ तेवढा लवकर दिसतो. त्यात मांजरा खोऱ्यात ऊस. बारमाही पाणी मागणारे पीक आणि दोन पावसाळ्यांत आटणारा खडक यांचा मेळ बसत नाही, हे २०१६ ने दाखवले.

धोरणे सरकार ठरवील, आणि ती नीट ठरावीत म्हणून आपण आवाजही उठवला पाहिजे. पण घराच्या पातळीवरचा हिशोब आपल्या हातात आहे. एक हजार चौरस फुटांचे छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छतावर सुमारे ७४ हजार लिटर पाणी पडते. बाष्पीभवन आणि गळती वजा जाता ६० हजार लिटर हाती यावे. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला हे पाणी दोनशेहून अधिक दिवस पुरते. पाऊस निम्माच झाला, तरी शंभर दिवस. एवढी मोठी टाकी सर्वांच्या घरी नसते. मग गाळणी लावून तेच पाणी बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात सोडावे.

मशिदींच्या कमिट्यांनीही हा हिशोब करावा. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढे माप. नळ वाहता ठेवून वुजू केला, तर पाच-सहा लिटर पाणी सहज जाते. एका नमाजेला दोनशे माणसे आली तर हजार लिटर. हे पाणी साबणाचे नसते. गटारात सोडण्याऐवजी शोषखड्ड्याकडे किंवा झाडांकडे वळवायला एक पाइप आणि एका दिवसाची मजुरी पुरते. मशिदीचे छत तर मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांपेक्षा मोठे असते. त्यावरचा पाऊस पन्हळीने टाकीत उतरवला, तर उन्हाळ्यात शेजारच्या घरांनाही, ती कोणाचीही असोत, पाणी देता येईल.

मराठवाड्याला हे नवे नाही. औरंगाबादची नहर-ए-अंबरी मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली. गावोगावच्या बारवा त्याहून जुन्या आहेत. कंधारचा जगत्तुंग समुद्र हा तलाव तर राष्ट्रकूटांच्या काळातला. ही कामे करणाऱ्यांजवळ पर्जन्यमापक नव्हते. पाऊस अनेक वर्षे दगा देऊ शकतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आता गुहेतल्या थेंबाने आणि लोणारच्या चिखलाने तेच आकड्यांनिशी सांगितले आहे.

जूनला अवकाश आहे तोवर छत झाडून घ्या, पन्हळ जोडा, गाळणीतली वाळू धुऊन ठेवा. पहिल्या पावसाचे पाणी धुळीचे असते, ते वाहून जाऊ द्या. दुसऱ्या पावसापासून साठवायला लागा.